माळ्यावर खोली करायची आहे: घर तेवढे ओझे पेलेल का?

या महिन्याच्या टपालात माळ्यासंबंधीची पत्रे इतकी आली की ओल आणि रंगकामाचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. त्या पत्रात बाकीच्या बहुतेक पत्रांचा गाभा आलेला असल्यामुळे ते मुद्दाम छाटलेले नाही.

प्रश्न: आमचे घर सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचे, विटांच्या भिंतींचे आणि उतरत्या कौलारू छपराचे असून तळमजला आणि त्यावर एक मजला अशी त्याची रचना आहे. घराची रुंदी ८ मीटर, लांबी ६ मीटर असून मधोमध एक भिंत लांबीच्या दिशेने गेलेली आहे. माळ्याच्या तुळया बाहेरच्या भिंतीपासून या मधल्या भिंतीपर्यंत, म्हणजे ४ मीटर गाळ्याच्या आहेत. त्या ५ सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच असून ४० सेंटिमीटर अंतराने बसवलेल्या आहेत. तुळईच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच रेषेपर्यंतची उंची ३.४ मीटर भरते. तुळयांवर फळ्या ठोकून मुलीसाठी अभ्यासाची आणि झोपण्याची खोली करावी, असा विचार आहे. सुताराने तुळया ठोकून पाहिल्या आणि लाकूड खणखणीत असल्याचा निर्वाळा दिला. जुने सामानही तिथे वर्षानुवर्षे पडून आहे. तेव्हा घर या कामासाठी तयार आहे, असे समजावे का? तळमजल्यावरची बैठकीची खोली मोठी करण्यासाठी मधल्या भिंतीचा सुमारे ३ मीटर भाग आम्ही पूर्वी काढला होता, परंतु त्याचा माळ्याशी संबंध नसावा. – एक वाचक

उत्तर: तुम्ही मोजमापे घेऊन पत्र लिहिलेत, त्यामुळे नुसते मोघम न बोलता काही आकडे मांडता येतात. मात्र पत्रातले जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, तेच मला सर्वांत अधिक खटकले. त्याच्याकडे वळण्याआधी तुळयांचे पाहू, कारण सुताराचा निर्वाळा खरा असूनही तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही.

माळ्याच्या तुळया बहुतेक जुन्या घरांत जमीन म्हणून बसवलेल्याच नसतात. खालच्या खोलीचे छत टांगायचे आणि वर चारदोन ट्रंका ठेवायच्या, एवढेच काम डोळ्यांसमोर ठेवून त्यांचे माप ठरलेले असते. दर चौरस मीटरला पंचवीस किलोपर्यंतचे सामान हा अशा माळ्यासाठीचा नेहमीचा हिशेब असतो. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी मात्र निरनिराळ्या देशांच्या बांधकाम संहितांमध्ये माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो भार धरावा लागतो आणि फळ्या, तुळया, छत यांचे स्वतःचे वजन त्याखेरीज असते. म्हणजे प्रश्न थोड्या वाढीव ओझ्याचा नसून सहा ते आठ पट ओझ्याचा आहे.

तुमच्या तुळईवर हा हिशेब घालून पाहू. राहता भार १५० किलो आणि बांधकामाचे वजन ५० किलो, असे दर चौरस मीटरला एकूण २०० किलो धरले, तर साधारण इमारती लाकडाची ५ बाय १० सेंटिमीटरची तुळई ४ मीटरच्या गाळ्यात मधोमध सुमारे ७ सेंटिमीटर लवते. एवढ्या गाळ्याच्या जमिनीला लवण्याची सवलत, गाळ्याच्या ३६० व्या भागाच्या प्रचलित नियमाप्रमाणे, जेमतेम ११ मिलिमीटरची आहे. म्हणजे खालच्या छताचा गिलावा तर पडेलच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की लाकडात निर्माण होणारा ताणही सुरक्षित मर्यादेच्या बराच पलीकडे जातो. लाकूड सागाचे आहे म्हणून हे गणित बदलेल, अशी आशा ठेवू नये. सागाची कीर्ती टिकाऊपणाची आहे. वाकण्याला विरोध करण्यात ते इतर चांगल्या इमारती लाकडांच्या फार पुढे नसते.

आता हीच तुळई रुंदीला ५ सेंटिमीटरच ठेवून उंचीला २० सेंटिमीटर केली, तर तेवढ्याच भाराखाली ती ९ मिलिमीटरच्या आसपासच लवते. उंची दुप्पट केली की तुळईची ताकद चौपट आणि लवण्याला होणारा विरोध आठपट होतो, तर रुंदी दुप्पट केल्याने दोन्ही केवळ दुप्पट होतात. म्हणून जुन्या तुळईला शेजारून तेवढ्याच उंचीची दुसरी तुळई जोडून 'डबल केले' असे सांगणारा कारागीर तुम्हाला हवे आहे त्याच्या एक चतुर्थांशच देत असतो. योग्य पद्धत अशी की जुन्या तुळया खालचे छत धरण्याचे त्यांचे काम करीत राहाव्यात आणि त्यांच्या मधल्या जागेत नव्या, उंच तुळया स्वतंत्रपणे भिंतींवर टेकवाव्यात. नव्या तुळयांचा तळ छताच्या पृष्ठापासून दोनतीन सेंटिमीटर वर ठेवावा, म्हणजे त्या लवल्या तरी छताला स्पर्श करणार नाहीत.

लाकूड तपासायचे ते अर्थातच तपासावे. मात्र ते तुळईच्या मध्यावर ठोकून नव्हे, तर ती भिंतीत शिरते त्या टोकाशी. भिंतीची ओल तिथेच लाकडात उतरते आणि वळचणीचे गळणारे पाणीही तिथेच पोहोचते. एका घरात मी तुळईच्या मध्यावर हातोडी मारली तेव्हा घंटेसारखा नाद आला, आणि तीच तुळई भिंतीच्या तोंडाशी स्क्रूड्रायव्हरने दाबली तेव्हा पाते अंगठ्याच्या जोराने मुठीपर्यंत आत गेले आणि तपकिरीसारखा भुगा बाहेर आला. सुतार आणि मी दोघेही काही वेळ गप्पच होतो. तेव्हा विजेरी घेऊन गुडघ्यांवर रांगत वळचणीपर्यंत जावे. प्रत्येक तुळईचे टोक, वाशाचा पाय आणि भिंतीच्या माथ्यावरची लाकडी पट्टी टोचून पाहावी. बारीक भोकांखाली पिठासारखी ताजी पूड पडलेली दिसली तर किडा आजही काम करीत आहे असे समजावे. जुन्या, धुळीने भरलेल्या भोकांची चिंता तेवढी नसते. भिंतीवरून लाकडाकडे गेलेली मातीची बारीक नळी म्हणजे वाळवी. ओलावामापक मिळाला तर उत्तमच. लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा टिकून राहिला की कुजण्याला वाव मिळतो.

याच रांगण्यात आणखी एक गोष्ट डोळ्यांखाली घालावी. नळ आणि विजेच्या तारा नेण्यासाठी तुळयांना पूर्वी कुठे खाचा पाडल्या आहेत का, ते पाहावे. १० सेंटिमीटर उंचीच्या तुळईला मध्यावर ४ सेंटिमीटरची खाच पाडली की तिथे उरलेल्या भागाची ताकद मूळच्या ३६ टक्के राहते. नव्या तुळयांबाबत हा अपराध पुन्हा होऊ नये म्हणून नळकारागिराला आधीच बजावून ठेवावे की गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच पाडायची नाही आणि इतरत्रही उंचीच्या सहाव्या भागाहून खोल जायचे नाही.

आता एक असे काम, जे तुमच्या बारीक तुळया आजही निमूटपणे करीत आहेत आणि जे कोणाच्याच ध्यानात येत नाही. उतरते छप्पर नुसते खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटते. समोरासमोरचे दोन वासे आढ्याशी एकमेकांना टेकलेले असतात आणि त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. त्या पायांना धरून ठेवणारी दोरी म्हणजे माळ्याची तुळई. कौले आणि लाकूड मिळून दर चौरस मीटरला १०० किलो वजन धरले आणि आढ्याखाली किंवा वाशांच्या मध्यावर दुसरा काही आधार नाही असे मानले, तर तुमच्या ८ मीटर रुंदीच्या आणि ३.४ मीटर उंचीच्या छपराचा हा बाहेरचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटरला २३५ किलोच्या घरात जातो. छप्पर जितके बसके तितका रेटा अधिक. आढ्याची उंची निम्मी असती तर तो दुप्पट झाला असता. तुमच्याकडे दोन्ही बाजूंच्या तुळया मधल्या भिंतीवर येऊन भेटतात. तिथे त्यांची टोके एकमेकींना बोल्टने किंवा भक्कम खिळ्यांनी जोडलेली आहेत, की नुसती शेजारी शेजारी टेकवलेली आहेत, हे मुद्दाम पाहा. नुसती टेकवलेली असतील तर दोरी मध्येच तुटलेली आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

डोक्याला लागतात म्हणून वाशांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या कापणे, जिना आणण्यासाठी मध्येच दोनतीन तुळया कापणे किंवा खिडकीसाठी वासा तोडणे या गोष्टी काम करताना हमखास होतात. त्या करता येत नाहीत असे नाही. परंतु कापलेल्या तुळईचा भार आणि ताण दोन्ही शेजारच्या दुहेरी तुळयांवर आडव्या तुळईने पोहोचवावे लागतात, आणि ही चौकट आधी बसवून मगच करवत चालवायची असते. अशा आडव्या पट्ट्या काढून टाकलेल्या एका घरात पुढच्या दोन पावसाळ्यांत बाहेरची भिंत माथ्याशी दोन बोटे झुकलेली मी ओळंब्याने मोजली आहे. त्या घराच्या मालकाला खिडकी घट्ट झाल्याची तेवढी तक्रार होती. तुम्हीही रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आढ्याची रेघ सरळ आहे की घोड्याच्या पाठीसारखी मध्ये खचली आहे ते बघा, आणि वळचणीपासून ओळंबा सोडून भिंतीचा कल तपासा. छप्पर आधीच पसरलेले असेल, तर खोलीचा विचार त्यानंतरचा.

उंचीबाबत थोडक्यात. ३.४ मीटर ऐकायला भरपूर वाटते. नवी तुळई जुनीच्या वर साडेबारा सेंटिमीटर येणार, तिच्यावर दोन सेंटिमीटरची फळी येणार आणि वाशांखाली उष्णतारोधक थर व आच्छादन येणार. एवढे सगळे वजा जाता आढ्याखाली ३.१ मीटर उरते. छपराच्या उतारामुळे ताठ उभे राहून वावरता येईल अशी, म्हणजे २ मीटर उंचीची पट्टी साधारण अडीच मीटर रुंदीची मिळेल. पलंग आणि अभ्यासाचे टेबल कडेला सरकवले तर एका मुलीसाठी हे पुरेसे आहे. जिन्यावरही २ मीटर मोकळी उंची हवी असते, म्हणून जिना आढ्याच्या रेषेखालीच वर यावा लागतो. तो कुठे येईल हे कागदावर न आखता फळ्या मागवू नयेत.

आता ती मधली भिंत. तुमच्या घराचा निकाल तुळयांवर नव्हे, तिथे लागणार आहे.

माळ्यावर दर चौरस मीटरला २०० किलो भार आला की तो चार मीटरच्या तुळयांमधून निम्मा निम्मा दोन्ही टोकांना जातो. बाहेरच्या प्रत्येक भिंतीवर दर मीटर लांबीला ४०० किलो येतात. मधल्या भिंतीवर मात्र दोन्ही बाजूंच्या तुळया टेकलेल्या असल्याने ८०० किलो येतात. बाहेरची भिंत २३ सेंटिमीटर जाड आणि दोन मजले मिळून ६ मीटर उंच धरली, तर तिचे स्वतःचेच वजन दर मीटरला सुमारे २,६०० किलो असते. त्यात ४०० किलोची भर ही दुर्लक्ष करण्याजोगी नसली, तरी बऱ्यापैकी पाया असेल तर सोसण्याजोगी असते. याउलट घरातली मधली भिंत बहुधा निम्म्या विटेची, म्हणजे ११ सेंटिमीटरच्या आसपास असते, तिचा पायाही तसाच हलका असतो, आणि दुप्पट भर नेमकी तिच्याच डोक्यावर येते.

त्यातून तुम्ही तळमजल्यावर तिचा ३ मीटर भाग काढलेला आहे. वरच्या मजल्यावरची भिंत आणि आता माळ्याची खोली या दोहोंचे ओझे तिथे एका तुळईवर तोललेले असणार. ती तुळई लोखंडी आहे, काँक्रीटची आहे की लाकडी, तिची उंची किती, ती दोन्ही बाजूंना कशावर आणि किती टेकलेली आहे, हे तुमच्या पत्रात नाही आणि बहुधा तुम्हालाही आठवत नसेल. माळ्याच्या खोलीमुळे त्या तुळईवर २,४०० किलोची, आणि तिच्या प्रत्येक टोकाखालच्या विटांवर १,२०० किलोची नवी भर पडेल. ती तुळई घालताना तिचे माप कोणी हिशेबाने ठरवले होते, तर तो हिशेबाचा कागद शोधा. गवंड्याने अंदाजाने ठरवले होते, तर तिथला गिलावा फोडून तिचे माप आणि टेकण उघडे करणे, हेच तुमच्या कामाचे पहिले पाऊल आहे. त्याचबरोबर तळमजल्यावरची उरलेली भिंत आणि वरच्या मजल्यावरची भिंत एकमेकींच्या बरोबर वर आहेत ना, हेही मोजा. जिन्याच्या कठड्यापासून किंवा बाहेरच्या भिंतीपासून दोन्ही मजल्यांवर सारखे अंतर भरले पाहिजे. कित्येक घरांत वरची भिंत हातभर सरकलेली निघते आणि ती नुसत्या मजल्याच्या फळ्यांवर उभी असते.

मधली भिंत हे ओझे घेऊ शकत नाही असे निघाले, तरी बेत सोडून द्यायलाच हवा असे नाही. आढ्याला समांतर अशा लोखंडी तुळया एका टोकाच्या त्रिकोणी भिंतीपासून दुसऱ्या टोकाच्या भिंतीपर्यंत टाकून मधली भिंत पूर्णपणे वगळता येते. परंतु तेव्हा भार पसरून न येता चार ठिकाणी एकवटून येतो. ६ मीटर लांबीच्या आणि ४ मीटर रुंदीच्या पट्ट्याचे ओझे घेणाऱ्या तुळईच्या प्रत्येक टोकाला २,४०० किलो येतील. तुळईची १० सेंटिमीटर रुंद पट्टी २३ सेंटिमीटरच्या भिंतीवर थेट टेकवली, तर दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोहून अधिक दाब येतो आणि जुन्या, कमकुवत चुन्याच्या विटकामाला तो झेपत नाही. तिच्याखाली ६० सेंटिमीटर लांबीचा काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे भार पसरवणारा ठोकळा दिला की तोच दाब पावणेदोन किलोच्या आसपास उतरतो. असा ब्लॉक खिडकीच्या लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या बरोबर वर येणार असेल, तर लिंटेलचाही हिशेब करावा लागतो. भूकंपप्रवण भागात या त्रिकोणी भिंतींना माथ्याशी आणि तुळयांच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा आहे की नाही हेही पाहणे अगत्याचे आहे, कारण सुट्या उभ्या असलेल्या त्रिकोणी भिंती हादऱ्यात सर्वांत आधी कोसळतात.

पाया पाहण्यासाठी भिंतीलगत हातभर रुंदीचा एखादा खड्डा पुरेसा असतो. त्यातून पायाची खोली, रुंदी आणि त्याखालच्या मातीचा प्रकार कळतो. भिंतीच्या कडेने लांबच लांब चर मात्र खणू नये. तपासण्यासाठी म्हणून खणलेल्या चरानेच भिंत बसल्याची उदाहरणे आहेत. ही सगळी मोजमापे, मी सांगितलेल्या जागांची छायाचित्रे आणि जुना नकाशा असल्यास तो घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. त्याच्याकडून 'हरकत नाही' असा एका ओळीचा दाखला घेऊ नका. माळ्यापासून पायापर्यंत ओझे कोणत्या वाटेने उतरते, हे दाखवणारा हिशेब लेखी मागा. परवानगीच्या अर्जालाही तोच कागद लागतो.

प्रश्न: आमच्या घराचे छप्पर पंधरा वर्षांपूर्वीचे असून माळ्यावर लाकडी कैच्यांचे, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटींचे जाळे आहे. प्रत्येक कैचीच्या आत इंग्रजी डब्ल्यूसारखे तिरपे दांडे आहेत आणि सांध्यांवर दातेरी पत्रे ठोकलेले आहेत. हे दांडे काढले तर मोठी मोकळी जागा मिळेल. कंत्राटदार म्हणतो की बाजूचे वासे भक्कम करून दांडे काढता येतात. – एक वाचिका

उत्तर: कंत्राटदाराने 'आधी' आणि 'नंतर' यांचा क्रम कसा सांगितला, ते नीट विचारा. कारखान्यात तयार होणाऱ्या अशा कैचीत एकही दांडा शोभेचा नसतो. वरचे वासे बारीक असूनही टिकतात, कारण हे तिरपे दांडे त्यांना मध्येच उचलून धरतात, आणि खालची पट्टी बारीक असूनही टिकते, कारण तेच दांडे तिला वर ओढतात. एक दांडा काढला की त्या कैचीचे ओझे शेजारच्या कैच्यांवर जाते. तीनचार कैच्यांमधले दांडे काढले की छप्पर बसू लागते. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, हाच त्यातला धोका.

दांडे काढता येतात, पण त्याआधी नवी जमीन, वाशांना मध्येच आधार देणाऱ्या लोखंडी किंवा लाकडी तुळया आणि त्यांना धरणाऱ्या ठेंगण्या भिंती असा दुसरा सांगाडा संपूर्ण उभा राहून त्यावर ओझे गेलेले असावे लागते. म्हणजे जुन्या छपराच्या आत नवे छप्परच बांधायचे. हे काम हाती घेण्यापूर्वी संपूर्ण छप्पर उतरवून राहण्याजोग्या माळ्याच्या कैच्या बसवण्याचा खर्चही समोर ठेवा. माझा अनुभव असा आहे की दोन्ही आकडे लोकांना वाटते तितके एकमेकांपासून दूर नसतात.

प्रश्न: वरच्या मजल्याच्या भिंतींना तडे आहेत. काही केसासारखे, एक मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा वर गेलेला आहे. तडे असलेल्या घराच्या माळ्यावर खोली बांधावी का? – एक वाचक

उत्तर: एक मिलिमीटरपर्यंतच्या केसासारख्या भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा मात्र भिंत हलल्याची खूण आहे. तो वर रुंद आहे की खाली, हे पाहा. वर रुंद असेल तर भिंतीचे एक टोक खचत असावे किंवा छपराचा रेटा असावा, खाली रुंद असेल तर मधला भाग बसत असावा. ५ मिलिमीटरहून रुंद तड्याकडे इंजिनिअरला न दाखवता दुर्लक्ष करू नये.

रुंदीपेक्षाही महत्त्वाचे असते ते तडा जिवंत आहे की मेलेला. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक फुल्या काढा, त्यांच्यातले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि बाजूला भिंतीवरच तारीख लिहा. दर महिन्याला तेच अंतर त्याच पट्टीने मोजा. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थापा दिला तरी चालतो. भिंत हलली की तो चिरतो. चिकणमातीवरचे घर ओल्या आणि कोरड्या ऋतूंत वरखाली होते, म्हणून दोनतीन महिन्यांच्या नोंदींवर विसंबू नका, वर्षाचे पूर्ण चक्र जाऊ द्या. अंतर वाढतच राहिले तर खोलीचा बेत बाजूला ठेवून आधी कारण शोधावे लागेल. ते वर्षभर जैसे थे राहिले, तर जुना तडा एवढ्यावरून खोलीला हरकत घेण्याचे कारण नाही.

प्रश्न: आमचे मेहुणे म्हणतात की इंजिनिअरला पैसे देण्यापेक्षा माळ्यावर दहाबारा माणसे उभी करावीत किंवा पाण्याने भरलेले पिंप ठेवावेत. एक दिवस टिकले तर माळा मजबूत आहे. हे कितपत खरे? – एक वाचक

उत्तर: मेहुण्यांना नमस्कार सांगा आणि कृपया असे करू नका. बारा माणसे म्हणजे सरासरी आठशे किलो, आणि ती बहुधा मधोमध घोळका करून उभी राहतात. लाकूड मोडताना आधी सूचना देईलच असे नाही. गाठीपाशी ते अचानक चिरते आणि मग खाली काय आहे यावर सगळे अवलंबून असते.

माळा टिकला तरी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. लाकूड काही मिनिटे जेवढे ओझे पेलते, त्याच्या साधारण साठ टक्केच ते वर्षानुवर्षे पेलू शकते. शिवाय कायमच्या ओझ्याखाली लाकूड हळूहळू अधिकाधिक लवत जाते, आणि काही वर्षांत हे लवणे पहिल्या दिवसाच्या दुप्पटही होऊ शकते. पुस्तकांचे कपाट ठेवलेल्या जुन्या माळ्यावर ते कपाट काढल्यानंतरही फळ्यांना खळगा राहिलेला दिसतो, तो याचमुळे.

प्रश्न: माळ्यावर १,००० लिटरची पाण्याची टाकी आहे. खोली करताना ती कोपऱ्यात सरकवली तर चालेल ना? – एक वाचिका

उत्तर: भरलेली टाकी म्हणजे दीड चौरस मीटरच्या जागेवर एक टन वजन. आज ती जिथे आहे तिथे तिच्याखाली मुद्दाम दिलेला आधार असेल, बहुधा खालची एखादी भारवाहक भिंत किंवा दुहेरी तुळया. सरकवण्यापूर्वी टाकी रिकामी करून तिच्याखालची बैठक उघडी पाहा. नव्या कोपऱ्यात तशीच बैठक भिंतीवर थेट टेकवता येत असेल तरच ती तिथे न्यावी, खोलीच्या नव्या तुळयांवर ती ठेवू नये. टाकीची पातळी खाली आली तर वरच्या मजल्यावरच्या नळांचा दाब कमी होतो, हेही नळकारागिराशी आधीच बोलून घ्या.